फियाटचा चौथा टायर

सावेडीतल्या टायरच्या दुकानात माझं पंक्चर निघत होतं. बाकावर एक निवृत्त मास्तर आणि सोनईचे एक बँडवाले बसले होते.

"काय शोधताय, मास्तर?" बँडवाल्यांनी विचारलं.

"फियाटचा टायर. पुण्यापर्यंत दुकानं पालथी घातली. शनिवारी रेबेकाचं लग्न आहे."

"दुसरी गाडी करा की."

"पोरगी म्हणते, आई ज्या गाडीतून चर्चला गेली त्याच गाडीतून जाईन. नाहीतर चालत."

"तीन टायर तरी धड हायत ना?"

"आहेत. पण तीन टायरवर रिक्षा चालते."

"आमच्या जनरेटरच्या ट्रॉलीला फियाटचीच चाकं हायत. आज जीपची बसवतोय. काढलेल्यातला एक टायर न्या."

"झिजला असेल हो."

"कसा झिजंल? चार वर्सं वरातीच्या मागं फिरतोय. आमची वरात दोन तासांत चौक वलांडत न्हाई."

"फार उपकार झाले."

"उपकार कशाचे? बँड सांगितलाय का?"

"चर्चमध्ये पेटी आहे."

"मग चर्चच्या दारापर्यंत आमी वाजवू. फक्त गाडी बँडच्या मागं, मानसाच्या चालीनं चालवावी लागंल."

"त्याची काळजी नको. ती त्याहून जोरात जातच नाही."