संपलं म्हटल्याशिवाय

...नाही, तुम्हीच सांगा, दवाखान्याने साठ चादरींची यादी पाठवावी आणि आमच्या लाँड्रीत वीसच उमटाव्यात, तर माणसाने डोकं कुठे आपटायचं? इस्त्रीवर? मधे बोलू नका, आधी ऐका!

आमची सून संगणक शिकलेली. तिने सर्व्हर की काय तो बनवला. गिऱ्हाइकाने घरबसल्या यादी पाठवायची, डागांचे फोटो जोडायचे. चार शर्टांची यादी टकाटक येते! दवाखान्याची लांबलचक आली की अर्ध्याहून जास्त गायब, आणि वर त्यांना निरोप जातो, 'यादी मिळाली, धन्यवाद'! कसले धन्यवाद? तिथले मॅनेजर नाकातून म्हणाले, "बाई, सोमवारपर्यंत जमलं नाही तर दुसरी लाँड्री बघू." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"आई, एक सांगू? ती यादी ना..."

"काय सांगणार? मशीन बिघडलंय!"

"नाही, ती एकदम..."

"एकदम कशी बिघडेल? तूच काहीतरी दाबलं असशील!"

मधे बोलू नका हो! तुम्हाला सांगते, तीन दिवस पोरगी धड जेवली नाही. शेवटी मीच खुर्ची ओढून बसले. म्हणाली, मोठी यादी तुकड्यातुकड्यांनी येते. तुकडा आला की एक हाक, सगळं आलं की शेवटची हाक; आणि धन्यवादाचं उत्तर गेलं की यादी तिथेच बंद. कुठल्या हाकेला काय करायचं ते आधीच सांगून ठेवायचं, त्याला म्हणे कॉलबॅक. आता दर हाकेला एक ओळ छापून बघत होती. मी चौथी पास, बोट ठेवून वाचलं... तुकडा आला. उत्तर दिलं. तुकडा आला. तुकडा आला. संपलं.

"अगं बये! समोरच्याचं संपायच्या आत उत्तर? पहिला शब्द कानावर पडला की लागलीच तोंड उघडायचं, बाकीचं गेलं चुलीत? असं कोण वागतं गं?"

सुनेने पडद्यावरची नजर उचलून माझ्यावर रोखली. आमचे हे इस्त्री करता करता खोकले.

बरं, बरं! कळलं मला.

तिने ते उत्तर उचलून 'संपलं'च्या खाली नेलं. साठच्या साठ चादरी! दवाखाना टिकला. मग हळूच म्हणते, "आई, एक सांगू?"

म्हटलं, सांग बाई, तू 'संपलं' म्हणेपर्यंत ब्र काढणार नाही.

काल चहाच्या वेळी सुरू झाली, लग्नाच्या दिवसापासून. मी तोंड उघडलं की हे इस्त्रीमागून ओरडतात, "मधे बोलू नकोस!" आज परत चहा झाला... पोरगी अजून 'संपलं' म्हणेना!