ऊठ मेल्या!

नवऱ्याच्या एक्स-रेची वाट बघत विल्मा हॉस्पिटलच्या बाकावर स्वेटर विणत होती. शेजारी साठी गाठलेले बहीणभाऊ बसले होते. समोरच्या खोलीत त्यांचा म्हातारा बाप होता आणि त्याच्याजवळ आई.

“डार्ला, बाबा खेळ करायचे ते डोंगरावरचं काउबॉयचं करमणुकीचं गाव पाडलं म्हणे. पाळणेबिळणे सगळे भंगारात.”

“बरं झालं. रोज दुपारी तिथे बाबांना मरताना बघायचं!”

“मरताना काय! बँक लुटायचे, शेरीफची खोटी गोळी खायचे नि छपरावरून धप्पकन गवतात. काय ऐट होती!”

“तुला ऐट. मी डोळे गच्च मिटून घ्यायचे.”

“आणि टाळ्या पडल्याशिवाय उठायचे नाहीत. एकदा पाऊस आला, सगळे प्रेक्षक पळाले, आठवतं? हे आपले चिखलात पडून.”

“मग आईनेच वाजवल्या. भिजत. वर तोंडाचा पट्टा चालूच. ‘ऊठ मेल्या, कपडे मला धुवायचेत!’”

“हे उठेपर्यंत वाजवत राहिली बिचारी.”

“डॉक्टर मघाशी काय म्हणाले तुला?”

“आजची रात्र काही काढत नाहीत म्हणाले.”

विल्माच्या सुया थांबल्या. दाराआडून टाळ्या ऐकू येत होत्या. सावकाश, थकलेल्या. मग म्हातारीचा फाटका आवाज.

“ऊठ मेल्या. ऊठ ना.”

“रॉइस, आत जा. थांबव तिला.”

“ते उठल्याशिवाय ती कधी थांबलीय का?”