आमच्या ह्यांची जीभ

आन् घोरणं एकवेळ परवडलं हो! घोरणारा माणूस जित्ता हाय, एवढं तरी कळतंय. पर आमचं हे घोरता घोरता मधीच गप व्हत्यात... श्वासच बंद! मी आपली हलवायची, "अवो, अवो!" मग खर्रर्रकन दचकून श्वास घेणार, आन् वर माज्यावरच खेकसणार, "झोपू दे की पारू!" रातभर जागी मी, आन् झोपमोड ह्यांची! आता काय करावं माणसानं, सांगा तुमी?

शेवटी नेलं पुण्याला. डॉक्टर म्हणाले, झोपंत गळा ढिला पडून श्वासाची वाट बंद व्हतीया, तोंडाला मशीन लावून झोपा. मशीन! आमच्या वाडीवर, तिकडं विंझर गावाच्या वर डोंगरात, लोडशेडिंगनं बल्ब पेटंना! मग म्हणाले, बरं, तोंडाचा व्यायाम करा. गाल फुगवा, जीभ टाळूला चिकटवून टॉक् करून सोडा, मग बाहेर काढून धा मोजंपर्यंत धरा. रोज!

आता शेरडं राखणाऱ्या माणसाला हे सांगायचं व्हय? शेरडांना बोलवायची आमची हाळीच ती... टॉक् टॉक्! हे बसले शेजारच्या सावळारामभावजींच्या बांधावर व्यायामाला, आन् डोंगरावरची समदी शेरडं निघाली की खाली, सरळ भावजींच्या नाचणीतनं! भावजी काठी घेऊन धावत आले, तर ह्यांची जीभ बाहेर! "हैबतीदादा, माझी नाचणी चारलीस ती चारलीस, वर मला वेडावतोस?" तरी हे जीभ आत घेईनात. का? तर म्हणं, मोजणं मधीच कसं सोडायचं! आता काय करावं माणसानं?

घरी येऊन रुसले. "मला न्हाई जमायचं. मेलो तर मरू दे." मरू दे म्हणं! अवो, तुमी जाल, मागं राहायचं कुणी? लई रडले मी त्या दिवशी. मग पदर खोचला, दार लावलं, बाहेरनं शेरडं दाराला धडका देत्यात, आन् बसले ह्यांच्या म्होरं. म्हटलं, मी करते तसं करा. काढा जीभ!

श्वास अडकायचा कमी झालाय, खोटं कशाला बोलू? पर डॉक्टर म्हणत्यात, सोडलं की परत सुरू व्हनार. म्हंजे जन्मभर! आता काय करावं माणसानं... लगीन झाल्यापास्नं ह्या माणसानं कंदी माज्या तोंडाकडं धड बघितलं न्हवतं. आता रोज सकाळी बघत्यात, डोळ्यात डोळे घालून... जीभ बाहेर काढून!