तिबाच्या घरी सांडलेली पेज

मी, फेलिसिदाद मागबानुआ, वय ७०, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार सान रोके कोळीवाडा, जिल्हा इलोइलो, फिलिपिन्स. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते ती हकीकत अशी :

माझे पती एलेउतेरिओ पूर्वी होडी चालवत. आता घरीच असतात. प्रिमितिवा ऊर्फ तिबा ही विधवा शिंपीण चर्चमागे एकटी राहते. गाव तिला मानांग, म्हणजे थोरली, म्हणतं. मी म्हणत नाही. माझ्या लग्नाआधी माझ्या पतींची सोयरीक तिच्याशी ठरत होती, हे गावाला ठाऊक आहे.

तिबाची कंबर या वयातही मुलीसारखी बारीक. मी बाजारात म्हणायचे, "बघा, म्हातारपणीसुद्धा नटवी उपाशी राहून बांधा सांभाळते." बायका हसत. मीही हसे.

पावसाळ्यानंतर पतींची विजार कमरेवर ठरेना. ताटातलं अर्धं ते डब्यात भरत आणि "किनाऱ्यावर बसून खातो" म्हणत. जाताना केसांना तेल लावत. किनाऱ्यावर जायला तेल कशाला, हे मला कळेना.

गेल्या मंगळवारी दुपारी मी त्यांच्या मागे गेले. तिबाचं दार उघडं होतं. ती चटईवर भिंतीला टेकून बसली होती. माझे पती तिला चमच्याने पेज भरवत होते. "घे गं, अजून एक. गिळ सावकाश," असं म्हणत होते. तो आवाज मी संसारात कधी ऐकला नाही.

मी आत जाऊन वाडगा हिसकावला आणि जमिनीवर आपटला. "मी तापाने फणफणले होते तेव्हा घोटभर पाणी तरी दिलंस का रे?" असं मी ओरडले. ते म्हणाले, "तुला मागता येतं, सिदाद. हिला येत नाही."

मला आणखी बोलायचं होतं. पण तिबा पुढे वाकून जमिनीवरची पेज बोटांनी निपटून तोंडात घालू लागली. फुटक्या वाडग्याच्या कपच्या त्यात होत्या. "राहू दे, सांडलं तरी भातच आहे," असं ती म्हणाली. म्हणून मी तिचा हात धरला. शेजारी रोदेल याने मारहाण पाहिल्याचं सांगितलं, ती हीच. मनगटाला माझी बोटं वेढून वर जागा उरली. मी हात सोडला नाही, हे खरं आहे.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या की तिबाचे पुढचे दात वयाने गेले, डोळे अधू झाले, शिवणकाम सुटलं आणि चूल पेटवणंही. अन्न कमी पडून अंग झिजलं आहे. थोडं थोडं, वरचेवर, मऊ द्यावं. पतींनाही वजन वाढवायला सांगितलं आहे. ते आता माझ्यासमोर बसून पूर्ण ताट जेवतात.

माझ्या मैत्रिणीला मासा कुस्करून, अंडं घालून पेज मी स्वतः नेते. पतींना जाऊ देत नाही. ती खाते तोवर समोर बसते. काल तिने मीठ कमी आहे म्हणून नाक मुरडलं. मी म्हटलं, "त्याच्या हातची गोड लागत होती ना? आता माझ्या हातची खा." ती हसली आणि तिने वाडगा पुढे केला. मी पुन्हा पेज वाढली.

वर लिहिलेलं हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. फक्त "मैत्रीण" हा शब्द मी सांगितलेला नाही. तो खोडून "ती बाई" असं लिहावं, म्हणजे मी अंगठा देते.