बांध कुठे फोडायचा

मी : आधी ते लाल निशाण उपटा, मग सहीचं बोला.

लेक : आई, बाई पक्ष्यांच्या नव्या पाणथळीसाठी दोन वर्षं मोजमाप करतायत. आता शेवटच्या कागदाला…

मी : तू चहा ओत रे. जमीन माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही. बगळेवाली, जपून बसा, त्या खुर्चीचा पाय मोडका आहे.

बगळेवाली : (खुर्ची चाचपून) आजी, शेतात नदीचं पाणी घ्यायलाच तुमची ना आहे का?

मी : ना असती तर अंगणात तरी येऊ दिलं असतं का? पण तिकडे गोदामं बांधायला पाणथळ बुजवली, बगळे-बदकं उघड्यावर आली, आणि भरपाई माझ्या शेतात. हा कुठला न्याय?

बगळेवाली : न्याय नाहीच. ती जागा मला वाचवता आली नाही. ही तरी होऊ द्या.

मी : हं. खोटं बोलला असतात तर चहा मिळाला नसता.

लेक : शेत तरी काय देतंय? तीन वर्षांत दोनदा पीक वाहून गेलं.

मी : मला सांगतोस? गुडघाभर चिखलात मी उभी होते. तू गच्चीवरून हाका मारत होतास.

बगळेवाली : मग निशाणाचं काय बिघडलं? नदीचा बांध तिथे फोडायचा, कारण तो वरचा कोपरा सगळ्यात सखल आहे. यंत्रानं मोजलाय.

मी : सखल असणारच! दर पुरानंतर तिथलीच माती उपसून मी बांधाचं खालचं भगदाड बुजवलं. तुमचं यंत्र नदी नाही मोजत, माझ्या फावड्याचा खड्डा मोजतं.

लेक : हे कधी बोलली नाहीस.

मी : विचारलं कुणी? तिथे फोडलंत, तर पाणी थेट माझ्या जावेच्या गोठ्यात.

लेक : काकूशी तर तू बारा वर्षं बोलत नाहीस.

मी : बोलत नाही म्हणून काय बुडवू तिला?

बगळेवाली : आजी, मग फोडायचा कुठे?

मी : खाली, वाकड्या झाडापाशी. दर वेळी नदी तिथूनच आत येते. हळू पसरते. ओसरली की डबक्यात माशांची पिल्लं राहतात, आणि तुमचे बगळे न बोलावता येतात.

बगळेवाली : नकाशा पुन्हा काढावा लागेल. वरचे ओरडतील मला.

मी : ओरडू देत. माझ्याकडे पाठवा त्यांना.

लेक : आई, पण बाबांनी घातलेला बांध… तुला बघवेल?

मी : त्यांनी घातला, चाळीस वर्षं राखला मी. बघायला कशाला उभी राहू?

बगळेवाली : खोदायचं यंत्र आणायच्या दिवशी निरोप पाठवते, आजी.

मी : यंत्र मागून येऊ दे. बांधावर मातीची शेवटची पाटी मी टाकली होती. पहिली मीच काढणार.