बारा ओळी कुणाच्या?

कामशेतच्या स्टँडवर टाकव्याच्या एसटीची वाट बघत बसलेल्या सरुबाईचे कान मागच्या बाकड्याकडं लागले होते. तिथं एक म्हातारा आपल्या नातीला खोदून खोदून विचारत होता.

“पायल, तुजं काम परत का धाडलं त्यांनी?”

“आबा, अंध माणसांना मोबाईल मराठीत वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. जगातलं कुणीही त्यात भर घालू शकतं. फक्त ‘हे माझं आहे, किंवा द्यायचा मला हक्क आहे’ असं खाली नावानिशी लिहून द्यायचं. ते मी लिहिलं नाही.”

“मग लिही की!”

“मी पाठवलेल्या कोडमधल्या बारा ओळी माझ्या वर्गातल्या प्रज्ञेशच्या आहेत.”

“आपन बियानं मागून आनलं तर सांगतोच की, अमक्याच्या वावरातलं म्हनून. इचार त्याला.”

पायलनं फोन लावला, बोलली आणि ठेवला.

“काय म्हनला?”

“त्याच्या नाहीतच म्हणे. त्यानंही मित्राकडून घेतलेल्या.”

“आन् त्या मित्रानं?”

“विचारून सांगतो म्हणाला.”

टाकव्याची एसटी आली, घंटी वाजली आणि निघूनही गेली. सरुबाई मान वळवून बाकड्यावरच बसलेली.

“पोरी,” तिनं शेवटी विचारलंच, “आला का गं त्याचा फोन?”