डेव्हलपर शिळं झालं तेव्हा

माझा भडगावला फोटो स्टुडिओ होता ना, तेव्हा खेड्यावरचे एक नाना आले. त्यांची बायको, अक्का, वारली होती आणि तिचा एकमेव फोटो त्यांच्या हातातल्या रोलमध्ये होता. मी बाटली काढली, तर डेव्हलपर, म्हणजे रोल धुवायचं रसायन, चहासारखं तपकिरी झालेलं. इतक्या जुन्या डेव्हलपरमध्ये चित्र उमटतच नाही.

"नाना, जळगावहून ताजी पावडर आणावी लागेल. परवा या."

"उद्या दहावं शे, भाऊ. आजच धुई द्या."

"आज धुतला तर अक्का कायमच्या जातील."

नाना रोल माझ्याकडे ठेवून परतले. दहावं फोटोशिवायच झालं.

तिसऱ्या दिवशी फोटो नानांच्या हातात दिला. अक्का पदराने तोंड झाकून हसत होत्या, चेहरा अर्धाच दिसत होता. मला वाईट वाटलं.

नाना म्हणाले, "ती अशीच हासे."